प्राजूच्या लॅपटॉपची परीक्षा

अगं, परवा माझी काय गाळण उडाली सांगू! मानपाड्यात शेजारीच केमिकल कंपन्या, त्यामुळे आम्हाला स्फोटाची धास्ती कायमचीच. दुपारी कुठूनतरी घोंघों आवाज वाढत गेला, वर गरम प्लास्टिकचा वास. काचा फुटू नयेत म्हणून मी खिडक्या सताड उघडल्या, सासूबाईंना खाली पाठवलं आणि ओरडले, "प्राजू, पळ!"

लेक काही बाहेर येईना. धावत तिच्या खोलीत शिरले, तर कानांवर हेडफोन आणि पुढ्यात तिचा नि मैत्रिणीचा लॅपटॉप. दोन्हींवर एकच गेम, दोन्हींचे पंखे किंचाळत होते.

"आई, कुणाचं ग्राफिक्स कार्ड भारी ते बघतेय. माझं तापतं, पण गेम अडकत नाही."

 तेवढ्यात सासूबाईंची खालून हाक आली, "अगं, मला बघून सगळी बिल्डिंग उतरलीय! तुम्ही दोघीच राहिलात!"