सांडशीनं काढलेली कॅसेट

मी मूळचा भिवापूरचा. आमच्याकडं मिरची पिकते, अन् तोडनाऱ्याईचे हात दिवसभर जळते, तिथं जन्मलो म्हनून का काय, मले शेतीचा कंटाळा अन् तारा-बल्बाचा भारी नाद. लहानपनी शेजारच्याचा रेडिओ उघडला, जोडून दिला, तीन स्क्रू माह्या खिशात राहिले तरी रेडिओ वाजला, अन् तवापासून घरात ठरलं का हा पोट्टा मशीनवाला हाय. काय सांगू तुम्हाले, त्या तीन स्क्रूनं माहा जन्म बिघडवला. मंग आयटीआय केलं, कोराडीच्या पावर हाऊसमधी लागलो, क्वार्टर भेटलं, खिडकीत राख, वाळत घातलेल्या धोतरावर राख. पन कुटुंबात कोनाची इस्त्री बिघडो नाहीतर कोनाची सोयरीक जमो, मामाजीले विचारा. अन् मी बी कधी मले माहीत नाही असं म्हनलं नाही. तेवढं एकच वाक्य मले येत नव्हतं.

माही मोठी बहीन, तिले आम्ही सारे बाई म्हनतो, तिचा नवरा लौकर गेला. तिची पोरगी कुंदा माह्याच क्वार्टरात लहानाची मोठी झाली, शिकली, कॉलनीतल्या बालवाडीत शिकवू लागली. तिचा मामा मीच अन् बापही मीच. तिच्यासाठी उमरेडकडचं स्थळ आलं. पोट्टा प्रभाकर, गल्फात फिटर, गावात आई एकटीच. फोटो आला, साजरा दिसे. बाई खूश झाली. कुंदा म्हने, फोटोत तं मामाजी तुम्ही बी हीरो दिसता, मानूस बोलतो कसा ते मले पाह्यचं हाय. तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं का सुटी लग्नापुरतीच भेटते, मी व्हिडिओ कॅसेट पाठवतो, सारं त्याच्यात बोललो हाय, ते पाहून मंगच हो का नाही ते सांगा. अन् खरंच, सुटीवर येनाऱ्या एकाच्या हातून कॅसेट आली.

तेव्हा रंगीत टीव्ही नवीनच होते, व्हिडिओची मशीन लोक भाड्यानं आनत. मी रविवारी दुपारी मशीन आनली. बायको म्हने, आधी दुकानात लावून तं पाहा. मी म्हनलं, कॅसेट म्हंजे कॅसेट, तू चहा ठेव वं. चाळीस मानसं सतरंजीवर, बाया पदर सावरून बसल्या, जसा काही नवरदेव टीव्हीतून त्याइलेच पाहनार होता. मी कॅसेट घातली. ती सर्रकन आत पडली, मशीनचं तोंड मोठं अन् कॅसेट लहान, आत तिरपी होऊन बसली. बटन दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, खर्रर. कोनीतरी मागून म्हनलं, मामाजी, नवरदेवाले आत कोंडलं का गा. शेवटी सैपाकघरातून सांडशी आनली अन् चाळीस मानसाईसमोर कॅसेट ओढून काढली. मी म्हनलं, व्होल्टेज कमी हाय, उद्या दुकानात पाहून येतो.

दुसऱ्या दिवशी शहरात सीताबर्डीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कॅसेट हातात फिरवली अन् म्हने, ही बेटामॅक्स जातीची हाय, बेटाची, आपल्या साऱ्या मशीन व्हीएचएसच्या. म्हनलं फरक काय? म्हने आतला पट्टा रुंदीले सारखाच असते, पन हिचं घर वेगळं, पट्टा गुंडाळायची तऱ्हा वेगळी, एकीची कॅसेट दुसरीत कधीच चालत नाही, अन् इकडं बेटा कोनी घेत नाही. म्हनलं मले माहीत हाय. पाहा, तिथं बी म्हनलं मले माहीत हाय.

बसनं वापस आलो तं दारातच बाई उभी. मध्यस्थ येऊन बसला होता, त्याले आज उत्तर पाह्यजे, दुसऱ्या पोरीवाल्याइचं बी बोलनं चालू होतं. बाई म्हने, पाहिली का रे? तिच्या हातात साखरेची वाटी. मांगं सांडशी पाहनाऱ्यातले चारपाच जन. अन् मी म्हनलो, पाहिली. पोट्टा चांगला हाय, बोलतो बी मोजकं. कुंदानं विचारलं, काय बोलला? म्हनलं, हेच, घरचं, कामाचं. ती माह्याकडं पाहत राहिली, पन माह्या शब्दावर तिचा भरोसा होता. बाईनं मध्यस्थाच्या हातावर साखर ठेवली.

दोन आठवडे लग्नाच्या तयारीत गेले. अन् मंग पत्र आलं, माह्या नावानं. अक्षर दुसऱ्याच कोनाचं, खाली सही मात्र त्याची, लहान पोरानं केल्यासारखी वाकडी. लिहिलं होतं, मामाजी, तुम्ही कॅसेट पाहूनसुद्धा हो म्हनलं, हे मी जन्मभर विसरनार नाही. आईले अजून सांगितलं नाही, आल्यावर सांगीन. आठ दिवसात येतो.

पाहूनसुद्धा. त्या शब्दानं माहं पानी पानी झालं. काय पाहूनसुद्धा? बिमारी हाय का त्याले, पहिली बायको हाय का, काय हाय? पत्र खिशात घालून मी ड्युटीवर गेलो, अन् बॉयलरजवळ उभा असून आंगाले थंडी. घरात हळदीची भांडी निघून राहिली, कुंदा लुगड्याईचे रंग लावून पाहून राहिली, अन् मी रोज ड्युटी संपली का कॅसेट पिशवीत घालून शहरात. बर्डी झाली, इतवारी झाली, एकाकडं बेटाची मशीन होती तं ती बिघडलेली. माहा हात शिवशिवला, उघडू का म्हनून, मंग ते तीन स्क्रू आठवले. घरी बायको विचारे, काहून जेवत नाही जी? म्हनलं लग्नघर हाय. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गेटवर कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर बोलला, अरे साहब, छोटी कॅसेटवाली मशीन तो वाडी में हमारे सेठ के पास है, इतवार को हमको पिक्चर दिखाते हैं.

शहराबाहेर वाडीले सेठचं गोदाम, मिरचीची पोती रचलेली, मांगच्या खोलीत त्यानं मशीन लावून दिली. म्हने, शादी का मामला है, आराम से देखो. चित्र आलं. फोटोतलाच पोट्टा, वाळलेला, खुर्चीवर बसलेला. त्यानं नमस्कार केला नाही. उजवा हात वर उचलून धरला. तीन बोटं नव्हती. म्हने, फोटो पहिलेचा हाय, हे सहा महिन्याखाली मशीनमधी गेलं, डाव्या हातानं काम शिकून राहिलो, लिहिता येत नाही म्हनून बोलून राहिलो. म्हने, लपवून लग्न करायचं नाही. नाही जमत तं कॅसेट वापस पाठवा, कारन सांगायची गरज नाही, मी राग धरनार नाही.

कॅसेट तं आमच्याच घरी होती, त्याले वाटलं आम्ही पाहून ठेवून घेतली.

आता काय करू? चूप राहिलो तं मांडवात हातात हात देताना कुंदाले कळनार. मोडलं तं त्या पोराले काय सांगू, का बाबा तू खरं बोललास, मीच खोटं बोललो? रात्रभर विचार केला अन् सकाळी कुंदाले म्हनलं, चल, काम हाय. स्कूटरवर वाडीले नेलं. रस्त्यात ट्रकच्या गर्दीत, मांगं न पाहता सारं सांगितलं, तिच्या तोंडाकडं पाहायची हिंमत नव्हती म्हनूनच चालत्या स्कूटरवर सांगितलं. खोलीत बसून तिनं कॅसेट पाहिली. सेठले म्हने, चाचाजी, एक बार और. दुसऱ्यांदा पाहिली. मी दारात उभा, मिरचीच्या पोत्यामुळं का कशामुळं, डोळे झोंबत होते.

बाहेर आली अन् म्हने, मामाजी, त्यानं तं सांगितलं. तुम्ही नाही सांगितलं. ज्यानं सांगितलं त्याच्यासंगं मी जाते. तुमचं काय करू?

लग्न झालं. मांडवात त्यानं तो हात पुढं केला अन् कुंदानं दोन्ही हातानं तो धरला, भटजीनं सांगायच्या आधी. माह्यासंगं मात्र ती तीन महिने बोलली नाही, निरोप मामीच्या तोंडून. कॅसेट माह्याकडंच ठेवून गेली, म्हने टीव्हीवर ठेवा, रोज दिसली पाह्यजे.

आता जवाई इकडंच हाय, मोटरपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, डाव्या हातानं अशा सफाईनं स्क्रू लावते का एकही खिशात राहत नाही. दोन पोरं हाय. सनावाराले येतात अन् पंगतीत हा मानूस चारचौघात म्हनते, मामाजीनं माहा हात पाहून हो म्हनलं, दुसऱ्या कोनाच्यानं नसतं झालं. मी ताटात पाहतो. कुंदा पोळी वाढता वाढता म्हनते, घ्या मामाजी, पाहून घ्या. इतके वर्षं झाले, तिनं त्याले सांगितलं नाही. परवा एवढंच म्हनली, आता तुम्हीच सांगून टाका, माह्यानं झाकन ठेवनं होत नाही. तोंडावर सांगाले गेलो, दुकानात दोन चहा पिऊन वापस आलो.

म्हनून तुम्हाले सांगून राहिलो. लिहा, काही गाळू नका, सांडशी बी लिहा. जवाई सारं वाचते, हेही वाचनार. त्याले कळू द्या का मी कॅसेट पाहिली, पन हो म्हनल्यावर. पहिले पाहिली असती तं हो म्हनलो असतो का, हे मी स्वतःले लई वेळा विचारलं, अन् आता कुठं माह्या तोंडून ते वाक्य निघून राहिलं, का मले माहीत नाही.