तळमजल्यावरची खोली

—हो हो, उद्या छापखान्यात द्यायचंय, ऐकलं मी. पण तुम्ही कारकून, आणि आपल्या आर्किटेक्ट संघाचा चिटणीस अजून मीच आहे ना? मग हे हिवाळी वार्तापत्र मी ऐकल्याशिवाय इथून हलायचं नाही. बसा. तुम्हीच वाचा — चष्मा घरी राहिला माझा. कालही राहिला होता? राहिला असेल. तुम्ही काय माझ्या चष्म्यावर पाळत ठेवून आहात?

अध्यक्षांचं मनोगत — ते सोडा, दरवर्षी तेच असतं. नवे सभासद — सोडा. बांधकाम परवान्याचे नवे नियम — ठीक. पुढे? संघाच्या नव्या कार्यालयाचा नकाशा? नकाशा छापताय, आणि मला पत्ता नाही? अध्यक्षांनी घालायला सांगितला — वाटलंच! गोड बोलून गळा कापणारा माणूस तो. नाही, कागद पुढे करू नका, नुसतं सांगा, मला डोक्यात दिसतं सगळं. चिटणिसांची खोली वरच्या मजल्यावर आहे ना, जिना संपतो तिथे? नाही? नीट बघा. तळमजल्यावर? फाटकातून आत आल्या आल्या?

बघा! म्हटलं नव्हतं मी? तिथे पहारेकऱ्याला बसवतात हो. आज दाराशी, उद्या दाराबाहेर. मला घालवायचा बेत शिजतोय आणि मीच तो मंजूर करायचा — वा! काढलाय कुणी हा नकाशा? खाली कोपऱ्यात बघा, नाव असेल. काय? माझी मुलगी? नीट वाचलंत तुम्ही? अहो, रोज समोर बसून जेवते, एका शब्दानं बोलली नाही. पेन्सिल धरायला मी शिकवलं तिला — आणि ती त्यांना सामील! घरभेदी कुठली.

सांगा, सांगा पुढे, आता सगळंच ऐकतो. खोलीला उंबरठा नाही. बरं. दार सरकतं. टेबलाचे कोपरे गोल — गोल कशाला, बालवाडी आहे का ती? आणि जमिनीवर? दारापासून टेबलापर्यंत खरखरीत दगडाची पट्टी? भिंतीला कठडा, थेट फाटकापर्यंत —

थांबा. थांबा जरा.

पायांना वाट कळावी म्हणून घालतात ती पट्टी. ज्याला — पण तिला सांगितलं कुणी? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी एकटा गेलो होतो. घरात कधी ठेचकाळलो नाही, चहाचा कप कधी सांडला नाही — एकदा सांडला असेल. तिनं पुसून घेतलं, बोलली काहीच नाही. अगं, कळलं होतं तर बोलायचं ना बापाशी! असं कागदावर काढून काय सांगतेस?

आणि हे आता सगळ्या सभासदांच्या घरी जाणार. मनोगत कुणी वाचत नाही हो, पण नकाशा बघितल्याशिवाय आर्किटेक्ट माणूस पान उलटत नाही. खोली कुणासाठी काढलीय हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही, एका नजरेत कळतं मेल्यांना. काढून टाका तो नकाशा! त्या जागी काहीही घाला, शुभेच्छा घाला. आणि तुम्ही — तुम्ही नुसतं लिहिलेलं वाचलंत, नकाशे कुठे वाचता येतात तुम्हाला? मग तुम्हाला काही कळलेलं नाही. माझ्या घरी बोलायचं नाही, अध्यक्षांकडे तर मुळीच नाही.

निघा आता. निघा म्हटलं ना —

गेलात का?

अहो... गेलात का?