कबुतरांचं काय करायचं

संसर्गाच्या मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिंपीणबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर मास्क लावलेले आजोबा आणि त्यांची मुलगी यांची जुंपली होती. शिंपीणबाईंनी मान वळवली, पण कान तिकडेच होते.

“बाबा, तुमच्या मेंदूपर्यंत गेलेली बुरशी कबुतरांच्या घाणीतूनच आली असणार, असं डॉक्टर म्हणाले ना?”

“पोरवयापासून पाळतोय. तेव्हा कुठे काय झालं?”

“तेव्हा किडनी बदललेली नव्हती. आता ती टिकावी म्हणून औषधं देऊन तुमची प्रतिकारशक्ती कमी ठेवलीय.”

“मग ढाबळ रोज धुऊ.”

“धुणार कोण? तुम्हीच ना?”

“अगं, मुकी पाखरं ती. हाकलून देऊ?”

“कुणाला तरी द्या. पण बाबा, माझी किडनी मी कबुतरांवरून ओवाळून टाकायला दिलेली नाही.”

आजोबांनी खिशातून फोन काढला.

“कुणाला लावताय?”

“सुताराला. त्याची ढाबळ मोठी आहे. हॅलो, अरे, माझी सगळी कबुतरं आजच घेऊन जा. हो, सगळी. मी घरी पोचायच्या आत ने, समोर दिसली तर माझा धीर सुटेल. आणि पांढरी अंड्यांवर बसलीय, तिला जपून उचल.”