टेंपमधले नऊ ताप

तन्वीर : वहिनी, आधी एक सांगा. हे झालरीचं कव्हर कॉम्प्युटर चालू असतानाही घातलेलं असतं का?

उत्कर्षा : हो, म्हणजे बटणापुरतं पुढून वर करतो. धूळ बसू नये म्हणून. सासूबाईंनी शिवलं होतं, टीव्हीच्या कव्हरातून उरलेल्या कापडाचं. का, त्यानं काही होतं?

तन्वीर : मागं पंखा आहे, त्याला हवाच मिळत नाही. हात लावून बघा ना. किती तापलंय.

उत्कर्षा : दुसरा कुठलाही शब्द वापरा हो, प्लीज. तो नको.

नाना : शिवणारी गेली, कव्हर राहिलं. काढ ते. पण घडी करून माझ्याकडे दे, कुठं टाकू नकोस.

उत्कर्षा : तन्वीरभाई, किती वेळ लागेल? चार वाजता डॉक्टरांची वेळ आहे. दोन महिने थांबून मिळालीये. त्याआधी मला नऊ कागद छापून हवेत, आणि एक कागद उघडायला हे सात मिनिटं घेतं. सकाळी पहिला उघडला, दुसऱ्याला सगळं गोठलं. माऊससुद्धा हलेना.

तन्वीर : आत्ता बारा वाजतायत. होऊन जाईल. कसले कागद?

उत्कर्षा : मुक्ताचे. माझी मुलगी, अडीच वर्षांची, आत खेळतेय. तिला सारखा ताप येतो. चार-पाच दिवस राहतो, जातो, परत येतो. प्रत्येक ताप मी लिहून ठेवलाय. किती वाजता किती, काय दिलं, काय खाल्लं, काय उलटलं. आधीचे दोन डॉक्टर बघायलाच तयार नव्हते. पहिला म्हणाला, "पहिलंच मूल का?"

नाना : दुसऱ्यानं आईला झोप लागते का विचारलं. मुलीपेक्षा हिलाच औषध लिहून देणार होता.

उत्कर्षा : आणि तुम्ही हसलात, नाना. त्याच्यासमोर.

नाना : हसलो नाही. खोकला आला होता.

तन्वीर : माझी अलिझा चार वर्षांची आहे. तिला साधी सर्दी झाली तरी आमची अम्मी अख्खी भवानी पेठ गोळा करते. तुम्ही लिहिता, ते बरं आहे. हां, आता हे बघा, बाजूचा पत्रा काढला. आत गोधडी झालीये धुळीची.

नाना : हे आमच्या घरातलं?

तन्वीर : काका, हे सगळ्यांच्याच घरातलं. ब्रशनं काढतो. तुम्ही जरा मागं सरका, नाकात जाईल. ... आता चालू करू. बघा, मशीन सुरू झाल्या झाल्या स्वतःहून चौदा प्रोग्रॅम उघडतायत. चॅटचे तीन. हे काय, कुंडली?

नाना : ते माझं आहे.

तन्वीर : हा पडद्यावर पोहणारा मासा?

नाना : तोही माझाच. मुक्ता बघत जेवते.

तन्वीर : काका, तुम्ही एस.टी.त होतात ना? समजा, स्वारगेटला सकाळी सहाला एकाच फलाटावर चौदा गाड्या लावल्या.

नाना : लावू दिल्याच नसत्या. वेळापत्रक खात्यात होतो मी, बत्तीस वर्षं.

तन्वीर : मग हे तुमच्या मशीनचं स्वारगेट. अकरा गाड्या इथून काढतो. कुंडली लागेल तेव्हा हातानं उघडायची. मासा राहू दे, पण मशीन रिकामं असतानाच पोहेल.

उत्कर्षा : मुक्ता रडतेय. मी तिला भरवून येते. कालच ताप उतरलाय, आज पहिल्यांदा भूक म्हणाली. तन्वीरभाई, काही लागलं तर हाक मारा. नक्की मारा हं.

तन्वीर : हो, जा तुम्ही. ... काका, डिस्क गच्च भरलीये. इंटरनेटवरून आलेला कचरा सगळा साठलाय. तो काढला. आता इथं बाहेरच टेंप नावाचं एक फोल्डर आहे. प्रोग्रॅम लावताना मशीन असलं तयार करतं आणि विसरून जातं. उडवू?

नाना : टेंप म्हणजे टेंपररीच ना?

तन्वीर : हो. तरी वहिनींना विचारतो.

नाना : ती आत घास भरवतेय, तिला कशाला उठवतोस? उडव. एस.टी.त टेंपररी कंडक्टर सोडले तर टेंपररी काही टिकलेलं मी बघितलं नाही.

तन्वीर : हे गेलं. मशीनच्या कचऱ्याच्या टोपलीत पण ठेवत नाही, जागा मोकळी व्हायला पाहिजे. आता सगळी डिस्क नीट लावायला टाकतो. फाटून इकडंतिकडं पडलेल्या फायली उचलून एका ओळीत आणेल. याच्यानं खरा फरक पडतो.

उत्कर्षा : जेवली! अख्खी वाटीभर खिचडी. हे रंगीत चौकोन कसले?

तन्वीर : डिस्क लावतोय, वहिनी. चार टक्के झालं. तासाभरात मशीन पळायला लागेल.

उत्कर्षा : आणि मग मी लगेच छापायला घेऊ ना? बाहेरच आहे सगळं, टेंपमध्ये.

तन्वीर : कशात?

उत्कर्षा : टेंप. पिवळं फोल्डर. मीच केलंय. टेंप म्हणजे टेंपरेचर.

नाना : उत्कर्षा.

उत्कर्षा : काय झालं? असे का बघताय दोघं? तन्वीरभाई?

तन्वीर : प्लग काढतोय. कुणी मशीनला हात लावू नका.

उत्कर्षा : असा एकदम? बंद न करता? तन्वीरभाई, टेंप कुठंय?

तन्वीर : मी उडवलं, वहिनी. मला वाटलं मशीनचं आहे.

नाना : त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, उडव.

उत्कर्षा : सहा महिने. मी कॅलेंडरच्या कडेला लिहायचे, दुधाच्या पिशवीवर लिहायचे, मग इथं उतरवून ती चिठोरी टाकून द्यायचे. टाकून दिली मी ती. आता चार वाजता तिथं जाऊन काय सांगू? सारखा ताप येतो हो? हेच सांगितलं होतं आधीच्यांना! हेच!

नाना : अगं...

उत्कर्षा : तुम्ही काही बोलू नका, नाना. आत्ता नको.

तन्वीर : वहिनी, ऐका. दोन मिनिटं फक्त ऐका. गेलेलं नाहीये. बहुतेक नाही. फाईल उडवली ना, की मशीन ती पुसत नाही. आळशी असतं. नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतं आणि ही जागा रिकामी असं समजतं. मजकूर तिथंच पडून राहतो, कुणी त्याच्यावर दुसरं काही आणून टाकेपर्यंत.

उत्कर्षा : आणि ते चौकोन? ते तेच करत होते ना? उचलून दुसरीकडे टाकत होते?

तन्वीर : चार टक्के. म्हणून प्लग काढला. माझ्या बॅगेत एक फ्लॉपी आहे, त्या फ्लॉपीवरूनच मशीन चालू करतो, डिस्कवर एक अक्षर लिहू देणार नाही. तुम्ही खुर्ची घ्या, इथं बसा. तुमच्याशिवाय होणार नाही हे.

उत्कर्षा : मला यातलं काय कळतंय?

तन्वीर : मला कळत नाही ते कळतंय. बघा, काळा पडदा आला. हे फोल्डर. पुढं प्रश्नचिन्ह, मग ई, एम, पी. विचारतंय, पहिलं अक्षर काय?

उत्कर्षा : टी.

तन्वीर : टी. उघडलं! आतल्या फायली दिसतायत. एक, दोन... नऊ.

उत्कर्षा : नऊच आहेत. नऊच होत्या.

तन्वीर : नावं तारखांची दिलीत तुम्ही. पहिली, प्रश्नचिन्ह, शून्य, फेब. दहा की वीस?

उत्कर्षा : दहा. दहा फेब्रुवारी.

तन्वीर : आली. प्रश्नचिन्ह, मार्च. एकच आकडा आहे हा. आठवत नसेल तर काहीही टाकू, मजकूर येईलच.

उत्कर्षा : काहीही नको. तीन. त्या दिवशी मुक्ताच्या बाबांचा, तेजसचा वाढदिवस होता, केक तसाच राहिला.

तन्वीर : पुढची पण मार्च. चौदा की चोवीस?

उत्कर्षा : चोवीस.

तन्वीर : आणि एप्रिल? तिथंही चारच दिसतोय.

उत्कर्षा : चौदा. सुट्टी होती, दवाखाना बंद. रिक्षानं तीन ठिकाणी फिरलो.

तन्वीर : मे.

उत्कर्षा : चार. अक्षय तृतीया. आमरस केला होता.

नाना : मी दोन वाट्या खाल्ला. ताप आलेला मला माहीतच नव्हता.

उत्कर्षा : मी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणाला असतात, परत थर्मामीटर काढलास का.

तन्वीर : परत मे. सोळा की सव्वीस?

उत्कर्षा : सव्वीस. मग जून, पंधरा.

तन्वीर : जुलै?

उत्कर्षा : सात. आणि शेवटची अठ्ठावीस. ही परवाच उतरवलेली.

तन्वीर : तुम्ही एकदाही थांबला नाहीत, वहिनी.

नाना : तन्वीर, तो पडदा तसाच ठेव. हलवू नकोस. माझा चष्मा कुठंय? गळ्यात आहे. बरं. दहा फेब्रुवारी, तीन मार्च. म्हणजे अठरा आणि तीन, एकवीस. तीन ते चोवीस, एकवीस.

उत्कर्षा : काय मोजताय?

नाना : चोवीस मार्च ते चौदा एप्रिल, सात आणि चौदा, एकवीस. चार मे, वीस. सव्वीस मे, बावीस. जूनला वीस. जुलैला बावीस. मग परत एकवीस. उत्कर्षा, हे तुला दिसलं नाही कधी?

उत्कर्षा : नाही. मला वाटायचं, सारखाच येतो. मधले दिवस मी पुढच्याची वाट बघण्यातच... आणि फोल्डर उघडलं की तारखा अशा ओळीनं नसायच्याच. दहा फेब्रुवारी, मग चौदा एप्रिल, मग पंधरा जून. तीन मार्च पार खाली.

तन्वीर : बरोबर आहे. विंडोज आकड्यावर लावतं, पहिलं अक्षर बघून. हा पडदा तसं काही करत नाही. ज्या क्रमानं तुम्ही लिहिल्यात, त्याच क्रमानं दाखवतोय.

उत्कर्षा : आणि एकेक फाईल उघडायला सात मिनिटं. दोन कधी शेजारी ठेवून बघितल्याच नाहीत मी.

नाना : मुली, बत्तीस वर्षं मी हेच केलं. वीस, एकवीस, बावीस. घाटातली गाडीसुद्धा एवढ्या वेळेवर येत नाही. कुठल्यातरी शाळेतून सर्दी-पडसं आणतेय म्हणत होते ना ते डॉक्टर? सर्दी-पडशाला वेळापत्रक नसतं. पुढची गाडी अठरा ऑगस्टला आहे.

उत्कर्षा : म्हणजे काय झालंय तिला?

नाना : ते मला नाही सांगता येत. ते चार वाजताच्या डॉक्टरनं सांगायचं. पण आता त्याला "पहिलंच मूल का" म्हणता येणार नाही.

उत्कर्षा : म्हणजे मी उगीच नव्हते... नाना, मी उगीच नव्हते ना करत?

नाना : नव्हतीस.

तन्वीर : वहिनी, पाणी प्या. मी तोवर फायली फ्लॉपीवर उतरवून घेतो. एक... दोन... तीन. ही चौथी जरा... नाही. ही बघा, चौदा एप्रिल. नाव आलं, आत मात्र सगळी चौकटी-चांदण्या. हिच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलं. माफ करा. बाकी आठ पूर्ण आहेत.

उत्कर्षा : आठ आल्या?

तन्वीर : अक्षर न् अक्षर. आता मशीन नेहमीसारखं चालू करतो. बघा हं.

उत्कर्षा : इतक्यात उघडलं? मी अजून पेला खाली ठेवला नाही.

तन्वीर : अकरा गाड्या काढल्या ना. छापायची द्या आज्ञा.

(प्रिंटर खरखरत सुरू होतो.)

उत्कर्षा : एक, दोन, तीन... एका दमात येतायत. तन्वीरभाई, तुमचे आभार कसे मानू?

तन्वीर : आभार? मी उडवलं होतं, वहिनी. वर्षानुवर्षं हे काम करतोय, लोकांना शिकवतो की विचारल्याशिवाय उडवू नका.

उत्कर्षा : तुम्ही विचारलं होतंत. आणि दुसरा कुणी असता तर सॉरी म्हणून स्क्रू आवळून गेला असता. तुम्ही प्लग काढलात. मी ओरडत होते तरी काम सोडलं नाहीत.

तन्वीर : कसं सोडणार? माझ्या घरीही अलिझा आहे.

नाना : तन्वीर, जेवून जा. आम्ही मूळचे सदाशिव पेठेतले, सहसा असं म्हणत नाही. पण म्हणतोय.

तन्वीर : काका, खिचडी उरलीये का?

उत्कर्षा : उरलीये. पापड भाजते. नाना, मग आपण तीनला निघू. तुम्ही मुक्ताला घ्या, मी फाईल घेते. आठ कागद आणि मधला तेवढा नाही. डॉक्टरांना तोंडी सांगेन, चौदा एप्रिल मला पाठ आहे.

नाना : तोंडी नको. तोंडी सांगितलेलं कोण ऐकतं, ते मला माहीत आहे. पापड राहू दे. तो कोरा कागद दे इकडं, आणि माझं पेन. बस इथं. चौदा एप्रिल. पहिल्यापासून सांग.

उत्कर्षा : सकाळी सव्वासहा, एकशे एक. दूध नको म्हणाली. पावणेआठला एकशे तीन, हातपाय गार. ओल्या फडक्यानं पुसलं, औषध दिलं, अर्धं थुंकली. तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात आणि मी...

नाना : सावकाश. सगळं लिहून घेतोय मी.