संपतच्या दाखल्यावरची ओळ

सन्माननीय अध्यक्ष सर्जेराव पाटील, आज सेवानिवृत्त होणारे आपल्या दवाखान्याचे डॉक्टर वामनराव, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

डॉक्टरसाहेबांनी इथं अठरा वर्षं काढली. गावाच्या वतीनं त्यांना हार घालायचा मान समितीनं माझ्या आईला, केशरबाईला दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. हार घेऊन ती उभीच आहे. थोडं थांबू.

माझा धाकटा भाऊ संपत बहात्तर साली याच दवाखान्यात आला. वय बावीस. आई म्हणाली, "साहेब, एकच पाय सुजून राह्यला."

साहेबांनी पायाला हात लावला का? नाही. लांबूनच म्हणाले, "दारू बंद कर रे."

"चहासुद्धा पीत न्हाई, साहेब."

"मंग दूध पिऊन सुजला का?"

सगळे हसले. साहेब विनोदी आहेत, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच.

तिसऱ्या दिवशी संपत गेला. मृत्यूच्या दाखल्यावर साहेबांनी कारण लिहिलं, अतिमद्यपान. विहारात पंचशील म्हणताना मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारा हा पोरगा! चार वर्षं बाजारात आईला 'दारुड्याची माय' म्हणतात.

यंदा बहीण पुष्पाच्या डोळ्यातलं भिंग सरकलं. मुंबईला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि विचारलं, "घरात कुणी तरुणपणी गेलं का?" मग समजावलं. अन्नातल्या प्रथिनांपासून होमोसिस्टीन नावाचा पदार्थ सगळ्यांच्याच शरीरात होतो आणि मार्गी लागतो. काही घराण्यांत तो रक्तात साठतो, डोळ्यातलं भिंग सरकवतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो. तिथं गुठळी धरते, धमन्या जाड होतात. संपतच्या पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली असणार. पुष्पाला ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गुण आहे.

हे साहेबांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याचा राग नाही. पण साहेब, दारूचा वास तरी आला होता का? की आमची वस्ती ऐकूनच कारण सुचलं?

टेबलावर मुंबईचं पत्र आहे, पेन आहे आणि दुरुस्तीचा कागद आहे. त्यावर एकच ओळ आहे, 'रोग्यास न तपासता कारण लिहिले.' आज नोकरी संपेपर्यंत, साडेपाचपर्यंत आपल्या सहीला किंमत आहे, साहेब. पाच वाजून गेलेत. ओळ सभेला वाचून दाखवा, सही करा, हार घ्या. तोवर आई उभी राहील. रोजगारावर जाणारी बाई आहे, तिला सवय आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. साहेबांची माफी मी मागत नाही.

आई, हार खाली ठेवू नको. साहेब चष्मा लावून राह्यले.