व्हॉल्व्ह बंद कोण करणार?

नाही, पण मला सांगा, बंद कोण करणार? दोन रिपोर्ट आहेत हातात, एक जर्मन, एक अझरबैजानी, दोन्ही मोबाईलकडून मराठी करून घेतलेत, उद्या सकाळी इथं आखातात, सोहारच्या आमच्या कारखान्यात नवा पंप सुरू व्हायचाय, त्याआधी खालचा व्हॉल्व्ह बंद पाहिजे, नाहीतर उकळतं तेल सगळं जमिनीवर, माणसांच्या पायांवर... आणि या दोघांचं मिळून एक करायचं कुणी? मी, भानुदास, ऑफिसात बसून कागद जुळवणारा माणूस. सही माझी आहे हो.

जर्मन म्हणजे डीटर, पंप बसवणारा. त्याचं एक वाक्य सुटं सापडायचं नाही. ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’, ‘वर नमूद केल्याप्रमाणे’... प्रत्येक वाक्य मागच्याचा शर्ट धरून उभं. व्हॉल्व्ह कोण बंद करणार? तर ‘कलम चारमधील व्यक्ती’. गेलो चारवर. ‘ही व्यक्ती म्हणजे कलम दोनमध्ये उल्लेखिलेली.’ गेलो दोनवर. ‘त्यासाठी एल्चिन यांचा रिपोर्ट पाहावा.’ घ्या!

एल्चिन बाकूचा, पंप चालवून बघणारा. त्याला ‘म्हणून’ नको, ‘तरी’ नको, काही नको. ‘उघडून, प्रेशर बघून, थोडं थांबून, बंद करून, त्याला सांगून सुरू करायचं.’ कोणी करून? कोणाला सांगून? ते ज्याचं त्याला माहीत. आणि तुम्हाला सांगतो, मला वाचताक्षणी सगळं कळलं, आणि तिथंच मी कागद खाली ठेवला. कारण आमची तृप्ती अशीच बोलते. गेल्या शुक्रवारी म्हणाली, “अहो, खाली जाऊन, शहनाजला भेटून, ते देऊन, तिचं घेऊन या.” मला अगदी नीट कळलं. खालच्या शेजारणीला आमचा नवा मिक्सर देऊन तिचा रिकामा डबा घेऊन आलो; तृप्तीला भलतंच म्हणायचं होतं. मग आता मला कळलं, याच्यावर विश्वास ठेवू? सही माझी आहे हो.

गेलो अर्बाबकडे, म्हणजे आमच्या मालकाकडे. तो चहा पितोय. “भानू, यल्ला, साइन करो. इन्शाल्ला कोई ना कोई बंद करेगा.” कोई ना कोई? अरे, तेल काय विचारून सांडतं का, कोण आलंय म्हणून?

शेवटी दोघांना धरून पंपापाशी नेलं. म्हटलं, हात लावून दाखवा, कोण बंद करणार? डीटर म्हणाला, “क्लिअरली रिटन. एल्चिन.” एल्चिनने हनुवटीने डीटरकडे दाखवलं, “ही क्लोज. एव्हरीबडी नोज.” महिनाभर एका टेबलावर जेवतायत हे दोघं, आणि दोघांनाही खात्री, दुसरा करणार! म्हणजे मी विचारलं नसतं तर... जाऊ दे, बोलवत नाही. आणि सही माझी!

मग दोघांनी आधी व्हॉल्व्हकडे बघितलं, मग एकमेकांकडे, मग... माझ्याकडे. मी घाबरून तिथंच कागद पंपावर ठेवून इंग्रजीत लिहून टाकलं, ‘व्हॉल्व्ह भानुदास बंद करेल.’ डीटरने मान हलवली, एल्चिनने पाठ थोपटली, चहाचा कप घेऊन मागून आलेला अर्बाब म्हणाला, महिन्याभरात वाचलेलं हे पहिलं स्पष्ट वाक्य, खलास.

आता तेवढं मला कुणीतरी सांगा, तो चाकासारखा दांडा फिरवायचा कुठल्या बाजूला?