फोल्डरले ठोकलेलं कुलूप

...आन् वरून मलेच म्हणते, "अहो, स्क्रीनवरची सूचना वाचायची असते हो!" काऊन? फोल्डरले कुलूप तू ठोकशीन, आन् सूचना मी वाचू? तुमाले सांगतो, त्या राघवेंद्रले मी सोडणारच नव्हतो!

आदिलाबादेत आमचं लहानसं ऑफिस. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी हिशोबाचा प्रोग्राम बनवतो. वजनाचा भाग मी लिहिला, रात्रंदिवस खपून. दराचा भाग राघवेंद्रनं. सगळं एका जुन्या मशीनवर. मालक हणमंतराव म्हणाले, "बेटा, ही मशीन आता कोरी कराची हाय. हे सारं इंटरनेटवरच्या गिटमंदी टाक, कोनं काय बदललं त्याचा माग राह्यते." टाकलं! पण राघवेंद्रनं आपल्या फोल्डरची परवानगी स्वतःपुरतीच ठेवलेली. नाव दिसते, पण आत जाता येत नाही! आन् ते गिटबी असं भिडस्त, बंद दारापाशी 'परवानगी नाही' एवढं पुटपुटलं आन् पुढं निघून गेलं. शंभर ओळी सरसर पळून राह्यल्या, त्यात हे पुटपुटणं कोन ऐकते? मी छाती काढून सांगतलं, "सगळं आलं!"

मंग काय... गिऱ्हाइकासमोर प्रोग्राम उघडला. वजन आलं, दरच नाही! जिनिंगवाला हासते, हणमंतराव लालबुंद, आन् हा चष्मा पुसत, "सूचना वाचायची असते हो!" अंगाची नुसती आग झाली माया!

म्हटलं, थांब लेका. त्याचं फोल्डर उघडाले हणमंतरावांनी मले मशीनचा मोठा पासवर्ड दिला. उघडतो कायले? पण एकट्या त्याच्यालेच कुलूप लावलं तं संशय मायावरच येईन. म्हणून ज्या मोठ्या फोल्डरात त्याचं, मायं, सारं होतं, त्यालेच ठोकलं! आता बस सकाळी बोंबलत... नाव दिसते, पण आत जाता येत नाही! पाय धरशीन तवा उघडीन! तामसीच्या बसमंदी एकटाच हासत घरी गेलो बाप्पा, कंडक्टर पाह्यतच राह्यला.

सकाळी तीच बस पंक्चर! पोचतो तं हणमंतराव पेढे वाटून राह्यले. "तुयी वाट कुठवर पाहू? उत्कर्षानं गिटमंदलं जुनं अर्धवट पुसून सारं पुन्हा टाकलं, एका मिनिटात! जुनी मशीनबी पुसून कोरी केली!"

एका मिनिटात? मी तसाच उत्कर्षाकडं पळालो. उत्कर्षा म्हंजे आमच्याकडची नवी पोरगी, मीच शिकवलेली. म्हटलं, "पोरी, सूचना आली होती का वं?"

"आली ना दादा, एकच ओळ. तुमीच म्हणले होते, त्याच्याकडं पाह्याचं नाही!"

गिटमंदी काय आलं म्हणता? 'प्रोग्राम कसा वापरावा' एवढं एक पान, माया कुलपाच्या बाहेर राह्यलेलं! प्रोग्रामच नाही! आन् बॅकअप? तो त्याच मशीनवर होता!

आता मालकानं आमाले दोघाले मागच्या खोलीत कोंडलं, सारं पुन्हा लिहाले. डबा खिडकीतून येते. राघवेंद्र समोर बसून चष्मा पुसते, मी दात खातो... बाहेरून कडी. काय सांगू तुमाले, आता आत जाता येते हो... बाहेर निघता येत नाही!